दिवा लागला, आता काय?

मुलांनो, दाभोळच्या धक्क्यावर धोपाव्याच्या फेरीबोटीसाठी मोटारी थांबतात. समजा, तिथे तुमच्या मामूंच्या गाडीत 'ऑइल कमी' असा दिवा लागला. लगेच ऑइल ओतायचे का? मुळीच नाही! जास्त ऑइलही इंजिनाला बाधते.

गाडी सपाट जागी हवी. उतारावर ऑइल एका बाजूला जाते. इंजिन बंद करून मामूंनी दहा मिनिटे थांबावे. मग मोजपट्टी काढून पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालून बाहेर काढावी. ऑइल दोन खुणांच्या मध्ये आहे? मग संशय सेन्सरवर! आधी त्याच्या तारेचा जोड पाहावा. खाऱ्या हवेने तो गंजतो. जोड साफ असूनही दिवा विझला नाही, तर मेकॅनिकने सेन्सर तपासावा.

ऑइलच्या दाबाचा लाल दिवा मात्र वेगळा. गाडी चालताना तो लागला, तर इंजिन तत्काळ बंद करावे. बोट चुकली तरी चालेल.