आधी वही, मग टॅबलेट

दहावीचा निकाल लागला की अकोल्याच्या जठारपेठेत आणि अमरावतीच्या गाडगेनगरात शिकवणीची चौकशी सुरू होते. फीचं बोलणं आटोपलं की आईबाबा हल्ली हळूच विचारतात: लेकराला टॅबलेट घेऊन द्यावा का?

बारावीपर्यंत तरी घाई नको. बोर्डाचा गणिताचा पेपर 80 गुणांचा, तीन तासांचा आणि हातानेच लिहायचा. सीईटी संगणकावर होते, पण दीड तासातली ती 50 गणितं सुटतात कच्च्या कागदावरच. तेव्हा सवय पेनाचीच हवी. एक जाड लाँगबुक घ्यावी आणि उजवीकडे चार बोटं समास सोडावा. सर फळ्यावर न लिहिता नुसतं तोंडी सांगतात ते या समासात टिपायचं. इंटिग्रेशनमध्ये काय सब्स्टिट्यूट केलं हे सगळाच वर्ग उतरवून घेतो. तेच का केलं, हे लिहून ठेवणारी मुलगी पुढच्या गणिताला अडत नाही.

लॅपटॉपचं काय? वर्डमध्ये मूळचिन्ह शोधेपर्यंत फळा पुसला जातो. बेल्जियममधल्या ल्युवेनचा गणिताचा विद्यार्थी जिल कास्टेल याने 2019 मध्ये दाखवून दिलं, की लाटेक हे गणिती मजकूर टाइप करायचं सॉफ्टवेअर वापरून व्याख्यानाच्या वेगाने, आकृत्यांसकट नोट्स काढता येतात. मात्र त्यासाठी त्याने स्वतःचे शॉर्टकट घडवले होते आणि बोटांना तशी सवय लावली होती. अकरावीच्या मुलाने हा खटाटोप करू नये.

पदवीला गेल्यावर मात्र लाटेक शिकायलाच हवं. आपल्या पुस्तकाची छपाई मनासारखी होईना म्हणून डोनाल्ड क्नूथ यांनी 1977 मध्ये टेक हे सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. त्यावरच पुढे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी लाटेक उभारलं. आज गणितातले शोधनिबंध बहुतेक यातच लिहिले जातात. अमरावतीच्या विदर्भ ज्ञान विज्ञान संस्थेतला बीएस्सीचा विद्यार्थी असो की शासकीय अभियांत्रिकीतला, संशोधनाकडे वळायचं असेल तर हे कौशल्य थेट कामी येतं. त्याला पैसेही लागत नाहीत: सॉफ्टवेअर मोफत आहे आणि आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर त्याचे धडेही मोफत आहेत. वर्गात वहीतच लिहावं आणि रविवारी त्यातलं एक पान लाटेकमध्ये उतरवावं. टाइप करताना सुटलेली पायरी लगेच लक्षात येते, म्हणजे उजळणीही होऊन जाते.

एवढं करूनही टॅबलेट घ्यायचाच असेल, तर दुकानातच पेन हातात घेऊन एक लांबलचक गणित सोडवून पाहावं. तळहात काचेवर टेकला की नको तिथे रेघा उमटतात का, आणि घातांकातला बारीक 2 नीट वाचता येतो का, एवढं तपासूनच पैसे द्यावेत.