अंगणातल्या पेव्हर ब्लॉकवरचे तेलाचे डाग: पाणी ओतू नका, आधी तेल उचला



पावसाळी बंदीत इंजिनं खोलली जातात, ती बहुतेक दारातच. ऑइल पेव्हर ब्लॉकवर सांडतं आणि आपण पावडर टाकून नळी सोडतो. डाग फिका दिसतो, पण तेल जात नाही, गटारात उतरतं.

मध्य प्रदेशात देवास जिल्ह्यातल्या टोंकखुर्द भागाचं बघा. जिल्ह्यात 2006 पासून शेतकऱ्यांनी हजारो तळी खोदली, त्यांना रेवासागर म्हणतात. ती भरतात पावसाच्या वाहत्या पाण्यानं. वाटेत जे पडलेलं असेल ते तळ्यात येतं. आपल्याकडे तेच पाणी खाडीत जातं. तेलाचा तवंग पाण्यात हवा मिसळू देत नाही, वर तरंगणारी अंडी-पिल्लं मरतात, मासळीला वास लागतो. म्हणून डाग कोरडाच काढायचा.

ताजा डाग: घासू नका, पसरतो. वर लाकडाचा भुसा किंवा मुलतानी माती जाड टाका. रात्रभर ठेवा, सकाळी झाडून भरा.

जुना डाग: मुलतानी माती, कपड्याची पावडर आणि थोडं पाणी यांचा घट्ट लेप करा. डागावर बोटभर थर द्या, प्लास्टिकनं झाका. दुसऱ्या दिवशी प्लास्टिक काढा, लेप पूर्ण सुकू द्या, मग खरवडून उचला. सुकताना माती तेल वर ओढते. एकदा करून भागत नाही, दोन-तीन वेळा करा.

हे करू नका: रॉकेल-पेट्रोल ओतलं तर तेल पातळ होऊन आणखी खोल मुरतं, शिवाय आगीची भीती. ॲसिड सिमेंट खातं, तेल तसंच राहतं. तारेच्या ब्रशानं ब्लॉकवर ओरखडे पडतात.

डाग हटतच नसेल तर तेवढाच ब्लॉक बदला. ब्लॉक वाळूवर बसवलेले असतात, एक काढून दुसरा बसवता येतो.

तेलकट भुसा-माती झाकणाच्या डब्यात ठेवा, चुलीत घालू नका. 2016 च्या नियमांप्रमाणे वापरलेलं ऑइल हा घातक कचरा आहे. ते कॅनमध्ये साठवून नोंदणी असलेल्या तेल घेणाऱ्यालाच द्या.

आणि सगळ्यात सोपं: इंजिन खोलण्याआधी खाली पत्र्याचा ट्रे सरकवा. डागच पडणार नाही. अंगण आपलं, तशी खाडीही आपलीच.