कट त्रिज्येत, माप व्यासात

कोल्हापूर

चि. बाळू,

ताईचा फोन आला होता. शाफ्ट वाया गेला म्हणून दोन दिवस धड जेवला नाहीस म्हणे. तुझा हिशेब पाहिला. 42 मि.मी.चा बार 40 वर आणायचा, म्हणून तू लेथवर 2 मि.मी.चा कट दिलास आणि जॉब उतरला 38 वर. अरे, टूल एकाच बाजूनं आत शिरतं, पण जॉब फिरत असतो. या अंगाचे 2 गेले, तसे त्या अंगाचेही गेले. कट 1 मि.मी.चाच हवा होता. उद्यमनगरात शिकाऊ असताना मीही हेच केलं, तेही पितळेच्या बुशवर. पितळेचा भाव मला त्या दिवशी कळला.

लेथ बदलली की आधी मिस्त्रींना विचारायचं, डायल त्रिज्येची की व्यासाची? दोन्ही प्रकारच्या असतात. सीएनसीवर एक्सचा आकडा बहुधा व्यासाचाच. तरीही पहिला कट थोडा घे, मोज आणि मगच पुढं जा.

ड्रॉइंगवर व्यास का लिहितात, हे कधी मनात आलं का? व्हर्नियरचे जबडे दोन्ही कडा धरतात. त्रिज्येचं एक टोक जॉबच्या पोटात असतं, तिथं माप लावणार कसं? आणि तरी जॉब गोल होतो तो त्रिज्येमुळंच, टूलचं टोक मध्यापासून ठरल्या अंतरावर राहतं म्हणून.

'त्रिज्येत तीन काय असतं?' असं तू लहानपणी विचारलं होतंस, तेव्हा मी गप्प बसलो होतो. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. गणितात तिचा अर्धाच भाग घेत. वर्तुळाच्या 12 राशी, एक रास 30 अंशांची. तीन राशींची, म्हणजे 90 अंशांची ज्या मध्यापासून कडेपर्यंत पुरते. ती त्रिज्या. भास्कराचार्यांनी 1150 च्या 'लीलावती'त परीघ मात्र व्यासावरूनच काढलाय. स्थूल कामाला 22/7, सूक्ष्म कामाला 3927/1250. आपलं रफ आणि फिनिश, दुसरं काय!

रविवारी टेप घेऊन खिद्रापूरला जा. कोपेश्वराच्या देवळातल्या स्वर्गमंडपात डोक्यावर गोल आकाश उघडं आहे आणि त्याच्या खाली जमिनीवर गोल दगड. पुजाऱ्यांना विचारून दगडाच्या कडेवर टेपचं एक टोक धर, दुसरं समोरच्या कडेवरून सरकवत ने. सगळ्यात मोठा आकडा येईल तो व्यास. त्याच्या निम्म्यावर उभा राहा आणि वर बघ.

आलेलं माप लिहून पाठव. माझ्या जुन्या वहीत मी घेतलेलं आहे, ताडून बघू. आणि जेवत जा.

तुझा मामा