शिक्षकांचें विद्यार्थीपण

शाळेंत विद्यार्थी शिकतात व शिक्षक शिकवितात, ही गोष्ट इतकी सर्वमान्य आहे कीं, ती सांगण्याचें कोणास प्रयोजन वाटत नाहीं. परंतु गेल्या कांहीं वर्षांत आम्हां शिक्षकांवर पुन्हां बांकावर बसण्याची पाळी आली आहे, व तीही पुष्कळदां आमच्याच विद्यार्थ्यांच्या शेजारीं. संगणक, मोबाईल, प्रोजेक्टर, डिजिटल फळा हीं साधनें वर्गांत आलीं. तीं चालवावयाचीं कशीं हें मुलांस आधीं कळलें, आम्हांस मागाहून. ह्यासंबंधीं पालकांच्या मनांतील शंका आमच्या कानांवर येत असतात. "सरांनाच येत नाहीं, मग ते मुलांना काय शिकविणार?" असें एक म्हणतात, तर "आतां यंत्रच शिकविणार, मग सर कशाला?" असें दुसरे. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि त्यांचें उत्तर पुस्तकांतून देण्यापेक्षां आमच्या फजितीवरूनच देणें आम्हांस सोपें वाटतें.

ही पाळी अगदींच नवी नव्हे. इ. स. १९७५-७६ मध्यें एका अमेरिकन उपग्रहाच्या साहाय्यानें इस्रोनें सहा राज्यांतील सुमारें २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोंचविले होते. 'साइट' नांवाच्या त्या प्रयोगांत मुलांच्या पाठांबरोबर प्राथमिक शिक्षकांकरितां विज्ञान-शिक्षणाचे वर्गही होते. तथापि त्या पेटीसमोर शिक्षक बहुतांशीं प्रेक्षकच होता. मार्च २०२० मध्यें कोरोनाच्या सांथीमुळें शाळा बंद झाल्या, तेव्हां मात्र यंत्र आमच्याच हातीं आलें, आणि तें शिकून घेण्यास सवड मुळींच नव्हती.

तीस वर्षें फळ्यावर मोत्यांसारखें अक्षर काढणारे आमचे एक वडील सहकारी मोबाईल उभा कसा करावा ह्या विवंचनेंत चार दिवस होते. अखेर दोन डब्यांवर पट्टी आडवी ठेवून, तीवर मोबाईल पालथा घालून, ते खालीं वहीवर गणितें सोडवूं लागले. ही युक्ति त्यांस त्यांच्या नातीनें दाखविली. दुसऱ्या एकानें अर्धा तास इतिहास शिकविला, आणि मग आपला आवाज बंदच होता हें त्याच्या ध्यानांत आलें. मुलें तोंवर स्वस्थ बसलीं होतीं. तीं आदरापोटीं कीं आनंदापोटीं, ह्याचा निर्णय अद्याप झालेला नाहीं. हंसण्याच्या गोष्टी एवढ्याच. हजेरी घेतांना कांहीं नांवांपुढें रोज शांतता असे. त्या घरीं मोबाईल एकच, आणि तो वडिलांच्या खिशांत. त्या शांततेवर कोणतेंही बटण आम्हांस सांपडलें नाहीं.

शाळा पुन्हां भरूं लागल्यावर आम्हीं 'जिओजेब्रा' नांवाचें भूमितीचें सॉफ्टवेअर वर्गांत आणलें. मार्कुस होहेनवार्टर ह्या ऑस्ट्रियन गणितज्ञानें साल्झबुर्ग येथें त्यास आरंभ केला, आणि शाळांस तें विनामूल्य मिळतें. पडद्यावर त्रिकोण काढावा, त्याचा एखादा शिरोबिंदु धरून ओढावा, कीं त्रिकोण वाटेल तसा बदलतो व तिन्ही कोनांचीं मापें तत्काल बदलून दिसतात. फळ्यावर एका तासांत चार त्रिकोण काढावे तर हात दुखतो. येथें पन्नास त्रिकोण पांच मिनिटांत होतात. आम्ही फार खूष होतों. आंकडे सुटसुटीत दिसावे म्हणून अपूर्णांक न दाखविण्याची योजनाही आम्हीं मोठ्या हौसेनें केली होती.

तोंच एक मुलगी उठून म्हणाली, "सर, बेरीज १८१ आली."

पडद्यावर खरोखरच ६०, ६० व ६१ असे आंकडे होते. वर्ग हंसला. आम्हांस उत्तर सुचलें नाहीं, आणि सांगावयास लाज वाटते, "यंत्र चुकलें असेल" असें म्हणून आम्हीं शिरोबिंदु घाईघाईनें दुसरीकडे ओढला. त्या रात्रीं पुन्हां तोच त्रिकोण काढून अपूर्णांक उघडे केले, तेव्हां उलगडा झाला. मापें ५९.६, ५९.७ व ६०.७ अशीं होतीं. त्यांची बेरीज बरोबर १८०. परंतु प्रत्येक संख्या जवळच्या पूर्णांकांत नेली कीं ६०, ६० व ६१. यंत्रानें आमची आज्ञाच पाळली होती. आज्ञेचा अर्थ मात्र आम्हांस ठाऊक नव्हता.

दुसरे दिवशीं आम्हीं वर्गापुढें ती चूक कबूल केली व तो सबंध तास आसन्न मूल्यावर घालविला. मग एका मुलानें विचारलें, "पन्नास त्रिकोणांत १८० आली, म्हणजे सिद्ध झालें ना?" ह्या प्रश्नानें आम्ही पुन्हां खडूकडे वळलों. पन्नास त्रिकोण पाहिले तरी एकावन्नावा राहतोच. शिरोबिंदूंतून पायाला समांतर रेषा काढली, व्युत्क्रम कोन दाखविले, आणि तिन्ही कोन एका सरळ रेषेवर येऊन बसले. आतां न काढलेल्या त्रिकोणाविषयींही बोलण्याचा अधिकार वर्गास मिळाला. प्रश्न पडद्यानें उत्पन्न केला, उत्तर फळ्यानें दिलें.

पंक्चर झालेल्या सायकलीप्रमाणें शिक्षकाचें नेमकें काय अडतें, ह्याचा विचार विद्वानांनींही केला आहे. ली शुलमन ह्यांनीं १९८६ मध्यें दाखविलें कीं, विषय येणें व शिकवितां येणें ह्यांच्या पलीकडे, हाच विषय मुलांस कसा समजेल हें जाणणें, असें शिक्षकाचें एक स्वतंत्र ज्ञान आहे. पुण्य मिश्रा व मॅथ्यू कोहलर ह्यांनीं २००६ मध्यें त्यांत साधनाच्या ज्ञानाची भर घातली. विषय, शिकविण्याची रीत व साधन हीं तिन्ही एकमेकांत मिसळलीं पाहिजेत. तीं सुटीं सुटीं आलीं तर उपयोग थोडा. आमचा १८१ अंशांचा त्रिकोण ह्याचेंच उदाहरण. आम्हांस भूमिति येत होती, बटणेंही येत होतीं, पण दोहोंमधला सांधा येत नव्हता. शिक्षकांच्या पुष्कळ शिबिरांत बटणांवरच दिवस सरतो, ही आमची तक्रार आहे.

सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेंतील श्री. रणजितसिंह डिसले ह्यांस २०२० सालीं 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळालें, व त्या दहा लक्ष डॉलरांपैकीं अर्धी रक्कम त्यांनीं अंतिम फेरींतील इतर नऊ शिक्षकांस वांटून दिली, हें सर्वांस माहीत आहे. पुस्तकांत क्यू. आर. कोड छापून त्यांतून कविता, चित्रफिती व स्वाध्याय मुलांपर्यंत पोंचविण्याची त्यांची कल्पना गाजली. पण तेथील मुलींची घरची भाषा कानडी होती व पुस्तकें त्या भाषेंत नव्हतीं, ही अडचण त्यांस आधीं दिसली. ते ती भाषा शिकले, पाठ भाषांतरित केले, आणि मग कोड आले. हा क्रम आम्हांस त्या पारितोषिकाहून मोलाचा वाटतो.

तेव्हां पहिल्या शंकेस आमचें उत्तर असें कीं, होय, आम्हांस पुष्कळ येत नाहीं, व तें मुलांसमोर शिकण्याची लाज आम्हीं सोडली आहे. दुसऱ्या शंकेस उत्तर त्या मुलीनेंच दिलें. मूल घरीं मोबाईल पुढें घेऊन अभ्यासास बसलें असतां पालकांनीं "काय पाहिलेंस?" एवढेंच न विचारतां "तें खरें कशावरून?" असेंही विचारावें, एवढी आमची विनंति आहे. आपणांस त्या विषयांतलें कांहीं येत नसलें तरी चालेल.

तो त्रिकोण आम्हीं संगणकांत जपून ठेवला आहे. दर वर्षीं नव्या वर्गासमोर तो उघडतों, बेरीज करावयास सांगतों, आणि पहिलीं पांच मिनिटें आम्ही कांहींच बोलत नाहीं.