वऱ्हाडचा उन्हाळा आणि वातानुकूलन यंत्राची पारख

दिनांक २५ मे २०२४ रोजी अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी तत्कालीन फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ अन्वये ३१ मेपर्यंत जमावबंदी लागू केली. कारण दंगलीचे नव्हते, उन्हाचे होते. आस्थापनांनी कामगारांसाठी पिण्याचे पाणी व पंखे यांची सोय करावी, शिकवणी वर्गांनी भर दुपारी वर्ग घेऊ नयेत, असे त्या वेळी सांगण्यात आले. अकोला व अमरावती जिल्ह्यांत मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाणे ही नित्याचीच बाब होय. अशा प्रदेशात वातानुकूलन यंत्र ही केवळ चैनीची वस्तू राहिलेली नाही. तथापि, ते घेताना बहुतेक ग्राहक कंपनीचे नाव, जाहिरात आणि सवलत एवढेच पाहतात. प्रत्यक्षात पाहावयाचे ते वेगळेच असते.

आधी गरज ओळखावी

वऱ्हाडचा मे महिना कोरडा असतो. बाहेर ४४ अंश तापमान आणि सुमारे १५ टक्के आर्द्रता असेल, तर चांगल्या स्थितीतील कूलर २७ ते २८ अंशांची हवा देऊ शकतो. पाण्याचे बाष्पीभवन होताना हवेतील उष्णता शोषली जाते, हे त्यामागील तत्त्व. मृगाचा पाऊस पडला, की हवेत ओलावा वाढतो आणि तोच कूलर निरुपयोगी ठरतो. वातानुकूलन यंत्र मात्र हवेतील ओलावाही काढून टाकते.

कूलरला पाणी लागते, हा दुसरा मुद्दा. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात भूजल क्षारयुक्त आहे. अशा पाण्याने कूलरच्या ताट्यांवर क्षारांचे थर बसतात, टाकीचा पत्रा गंजतो आणि पंप अडकतो. तेव्हा पाण्याची टंचाई, पाण्याची प्रत आणि घरात आजारी वा वृद्ध व्यक्ती आहेत काय, हे पाहूनच निर्णय घेणे इष्ट.

लेबल कसे वाचावे

ऊर्जा संवर्धन अधिनियम, २००१ अन्वये स्थापन झालेल्या ऊर्जा दक्षता ब्युरोने २००६ मध्ये तारांकनाची योजना सुरू केली. खोलीच्या वातानुकूलन यंत्रांना हे लेबल पुढे बंधनकारक झाले. लेबलावर चार गोष्टी अवश्य पाहाव्यात : शीतन क्षमता, हंगामी कार्यक्षमतेचा अंक (आय.एस.ई.ई.आर.), वार्षिक वीजवापर आणि लेबलाचा कालावधी. निकष वेळोवेळी कडक होतात. म्हणून जुन्या लेबलावरील पाच तारे आणि नव्या लेबलावरील पाच तारे समान नसतात. दुकानात शिल्लक राहिलेला जुना माल ओळखण्याची हीच खूण.

आता आपल्या भागापुरती महत्त्वाची गोष्ट. यंत्राची नाममात्र क्षमता बाहेर ३५ अंश तापमान धरून मोजलेली असते. हंगामी कार्यक्षमतेचा हिशेब २४ ते ४३ अंश या कक्षेत, वर्षाकाठी १,६०० तासांचा असतो. अकोल्याची मे महिन्यातील दुपार या कक्षेच्या बाहेर जाते. तापमान वाढते तशी यंत्राची क्षमता घटते व वीजवापर वाढतो. म्हणून विक्रेत्यास एकच प्रश्न ठामपणे विचारावा : ‘बाहेर ४६ अंश असताना हे यंत्र किती किलोवॅट शीतन देते?’ उत्तर तोंडी न घेता कंपनीच्या तांत्रिक पत्रकात पाहावे. ‘५२ अंशांपर्यंत चालते’ याचा अर्थ यंत्र बंद पडत नाही एवढाच. पूर्ण गारवा मिळतो असा नव्हे.

ताऱ्यांचा हिशेब

एक टन म्हणजे सुमारे ३.५ किलोवॅट शीतन क्षमता. ढोबळमानाने १२० चौरस फुटांच्या खोलीस एक टन, तर १५० ते १८० चौरस फुटांस दीड टन पुरते. वर तापणारा स्लॅब वा टिनाचे छत असल्यास अधिक क्षमता लागते. छतास पांढरा चुना दिल्यास आणि पश्चिमेच्या खिडकीस बाहेरून सावली केल्यास हा भार कमी होतो.

समजा, दोन यंत्रांच्या लेबलांवर वार्षिक वापर ९८० व ७६० युनिट आहे. फरक २२० युनिटांचा. प्रतियुनिट १० रुपये धरल्यास वर्षाला २,२०० रुपये वाचतात. किमतीतील ८,००० रुपयांचा फरक चार वर्षांच्या आत भरून निघतो. परंतु मे महिन्यात कूलर वापरून यंत्र वर्षात ४०० तासच चालविणाऱ्या कुटुंबाची बचत केवळ ५५० रुपयांची. त्यास हा फरक भरून काढण्यास चौदा वर्षांहून अधिक काळ लागेल. म्हणजे अधिक तारे सर्वांनाच किफायतशीर ठरतात असे नाही; वापराचे तास आधी मोजावेत.

विक्रीनंतरची सेवा

कंपनीच्या नावाची खरी कसोटी मे महिन्यात यंत्र बंद पडते तेव्हा लागते. अधिकृत सेवा केंद्र आपल्या शहरात आहे काय, गावापर्यंत तंत्रज्ञ येतो काय, हे आधीच्या ग्राहकांना विचारावे. कॉम्प्रेसरची दीर्घ हमी असली, तरी वायू भरणे, मजुरी व इलेक्ट्रॉनिक पट्टी तीत येतेच असे नाही. हमीपत्र पैसे देण्यापूर्वी वाचावे. बाहेरचा भाग पश्चिमेच्या भिंतीवर न लावता सावलीत, खेळत्या हवेत बसवावा. मंजूर वीजभार, व्होल्टेज व आर्थिंग तपासून घ्यावे. पत्र्याच्या कूलरबाबतही आर्थिंगकडे दुर्लक्ष जीवघेणे ठरू शकते.

ग्रामपंचायत वा शाळेसाठी दरपत्रके मागविताना केवळ किमान किंमत न पाहता लेबलावरील वीजवापर, ४६ अंशांवरील क्षमता आणि सेवेची मुदत या बाबी मागणीपत्रातच नमूद कराव्यात. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून घरातील उपकरणांची लेबले वाचून घेतल्यास गणिताचा एक उपयुक्त पाठ होईल. पावती व हमीपत्र जपून ठेवावे. तक्रार असल्यास राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ अथवा जिल्हा ग्राहक आयोग यांचा मार्ग खुला आहे.