पुणे दर्शन : वहीतले चार रकाने

पुणे पाहायचे ते पाहुणे आले म्हणजे, असा आम्हा पुणेकरांचा रिवाज आहे. मीही त्याला अपवाद नाही. शनिवारवाड्यापासून वीस मिनिटांच्या अंतरावर लहानाची मोठी झाले, पण तो नीट पाहिला तो गेल्या नाताळच्या सुटीत. नाशिकहून मामेबहिणी आल्या होत्या, म्हणून सहलीच्या बसची तिकिटे काढली. इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मी बरोबर एक वही घेतली आणि तिच्यात तीन रकाने आखले : डोळ्यांना दिसते ते, कागदपत्रांवरून कळते ते आणि केवळ ऐकीव ते. मार्गदर्शक जे सांगतील ते यांपैकी कोठे बसते, एवढेच पाहायचे होते.

शनिवारवाड्याचा पाया पहिल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० रोजी घातला आणि १७३२ साली वास्तुशांत झाली. खाली दगडी व वर विटांचा तट, आणि उत्तरेकडे तोंड केलेला दिल्ली दरवाजा हे आजही दिसते. आतले महाल मात्र १८२८ च्या आगीत गेले. उरली ती जोती आणि कारंज्यांचे हौद. पण मार्गदर्शकांचा आवाज चढला तो नारायणरावांच्या खुनाशी. ‘ध’चा ‘मा’ झाला, ‘काका, मला वाचवा’ ही हाक अजून ऐकू येते, वगैरे. एका लहानग्याने “भूत कुठे दिसतं?” असे विचारले आणि सगळे हसले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी नारायणरावांना मारले, हे दुसऱ्या रकान्यात गेले, हाक तिसऱ्यात. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून सत्तेवर असलेल्या राघोबादादांनाच दोषी ठरवले, ही गोष्ट मात्र निघालीच नाही. भुतापेक्षा हा न्यायाधीश मला अधिक थरारक वाटतो!

पुढे पायीच लाल महालात गेलो. शायिस्तेखानावरील छापा ५ एप्रिल १६६३ चा. पण आपण पाहतो ती इमारत पुणे महानगरपालिकेने १९८० च्या दशकात उभारलेली आहे. स्मारक म्हणून ती योग्यच आहे. परंतु “याच खिडकीतून खान पळाला” असे कोणी म्हणाल्यास विद्यार्थ्याने पेन्सिल खाली ठेवावी.

तेथून दगडूशेठ गणपती. दर्शनाच्या रांगेत उभे असताना माझे लक्ष समोर गेले. रस्त्यापलीकडे भिडे वाड्याची जागा. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली ती येथे. जुनी इमारत स्मारकासाठी डिसेंबर २०२३ मध्ये पाडण्यात आली. आमच्या चाळीस जणांपैकी एकाचीही मान तिकडे वळली नाही, कारण वळवा असे कोणी सांगितले नाही. माझी आजी चौथीपर्यंत शिकली, आई अकरावीपर्यंत. कॉलेजात आलेली आमच्या घरातली मी पहिली मुलगी. ज्या दारातून माझी वाट सुरू झाली, त्याच्याकडे पाठ करून मी आजवर कितीदा नारळ वाढवला असेल! त्या दिवशी वहीत चौथा रकाना आखला : न सांगितलेले.

शेवटी मंडई. १८८६ मध्ये बांधलेल्या या वास्तूला गव्हर्नर रे यांचे नाव होते. नगरपालिकेचे सभासद असताना जोतीरावांनी या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाकडे वळावा असे त्यांचे म्हणणे होते. आज मंडईला त्यांचेच नाव आहे. हेही चौथ्या रकान्यात गेले.

मार्गदर्शकांना मी दोष देत नाही. एका दिवसात सारे पुणे उरकायचे, तर लोकांना जे ऐकायला आवडते तेच आधी सांगितले जाणार. निवड त्यांनी केली, तशी आपणही टाळ्या वाजवून केली. म्हणून मित्रमैत्रिणींनो, एक सूचना करते. शनिवारवाडा ते मंडई हे अंतर पायी अर्ध्या तासाचे आहे. प्रथम वर्षाच्या नव्या विद्यार्थ्यांना दरवर्षी आपणच ते चालवत न्यावे, हातात चार रकान्यांची वही देऊन. चौथा रकाना ज्याचा सर्वांत मोठा भरेल, त्याने खरे पुणे पाहिले असे मी समजेन.

मामेबहिणींना मी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेथे नेले. धाकटी त्या जागेसमोर क्षणभर उभी राहिली आणि म्हणाली, “ताई, काल आपण इथेच होतो ना?”