कमानीची खिडकी आणि ब्लाउजचा गळा

सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला ‘आर्चेस’ नावाचा टॉपिक असतो. स्पॅन, राइज, क्राउन, स्प्रिंगिंग लाइन ही नावं पाठ करायची, शीटवर सुबक आकृती काढायची आणि मार्क घेऊन मोकळं व्हायचं. मीही तेच केलं. आकृतीला मार्कही चांगले पडले. पण पुढच्याच वर्षी एका खऱ्याखुऱ्या कमानीने माझी विकेट काढली. तुमची निघू नये म्हणून हा लेख.

माझी आई डोंबिवली पूर्वेला राहत्या घरातच शिवणकाम करते. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, फॉल-बिडिंग आणि अधूनमधून पडदे. मार्च महिन्यात तिला ठाण्याहून, घोडबंदर रोडवरच्या एका संकुलातून पडद्यांची ऑर्डर आली. आजवरची सगळ्यात मोठी. पाच खिडक्या, आणि पाचही वरून कमानीच्या. त्या रस्त्याला गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जी संकुलं उभी राहिली, त्यांतल्या काही इमारतींना रोमन पद्धतीचे खांब आणि कमानी आहेत, हे तुम्ही बसमधून पाहिलं असेलच. बाहेरून मोठं रुबाबदार दिसतं. आत राहायला आलेल्या माणसाला मात्र प्रश्न पडतो, याला पडदा लावायचा कसा?

आधी निवड, मग माप

रोलर ब्लाइंड किंवा आडव्या पट्ट्यांचे व्हेनेशियन ब्लाइंड सरळ चौकटीसाठी बनवलेले असतात. गुंडाळायचं किंवा वर ओढायचं, तर रुंदी वरपासून खालपर्यंत सारखी हवी. कमानीत ती वर जाता जाता कमी होते आणि माथ्याला शून्य होते. म्हणून साधारण चार मार्ग उरतात.

१. कमानीच्या वर भिंतीवर सरळ रॉड लावून सगळी खिडकी झाकणे. सर्वांत स्वस्त, माप सोपं, अंधार पूर्ण. पण पडदा ओढला की कमान गायब.

२. कमान जिथून वळायला लागते तिथे (म्हणजे आपल्या स्प्रिंगिंग लाइनवर) रॉड लावणे आणि वरचा भाग उघडा ठेवणे. उत्तरेच्या खिडकीला हे उत्तम.

३. खाली सरकता पडदा, आणि वर कमानीच्या आकाराच्या फ्रेमवर कापड ताणून ती कायमची बसवणे. फ्रेमऐवजी मधल्या बिंदूपासून पंख्यासारख्या चुण्याही घालता येतात.

४. वरच्या काचेला फ्रॉस्टेड फिल्म चिकटवणे. बाहेरून आतलं दिसत नाही, पण उजेड येतच राहतो.

यातलं काय घ्यायचं हे ठरवताना खिडकीची दिशा बघा. ठाण्याचे अक्षांश साधारण १९.२ अंश उत्तर. त्यामुळे मेच्या मध्याला दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत येत नाही. २२ डिसेंबरच्या सुमारास मात्र भर दुपारीही तो ४७ अंशांवरच असतो, म्हणजे दक्षिणेची खिडकी थंडीत ऊन देते. खरा त्रास पश्चिमेचा. मार्चअखेरीस साडेचार-पावणेपाचला सूर्य ३० अंशांच्या आसपास उतरतो आणि थेट समोर येतो.

ऑर्डरवाल्या घरातली मोठी खिडकी पश्चिमेलाच होती. कमान जमिनीपासून ७ फुटांवर सुरू होत होती आणि माथा ८ फूट ४ इंचांवर होता. समोर आजींचा पलंग, उंची २ फूट. उंचीला ३० अंशांच्या टॅनने भागलं, तर पलंगाच्या पातळीवर कमानीतून येणारं ऊन खिडकीपासून सुमारे साडेआठ ते अकरा फुटांवर पडतं. आजींची उशी बरोबर दहा फुटांवर! त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. खालचा पडदा ओढूनही संध्याकाळी ऊन डोळ्यांवर का येतं, हे घरच्यांना कळत नव्हतं. पलंग हलवायला दुसरी भिंत नव्हती. म्हणून मार्ग क्रमांक दोन बाद. तिसरा ठरला, पाचही खिडक्यांना सारखाच.

इथपर्यंत माझं इंजिनिअरिंग झकास चाललं होतं.

माझी चूक

मापं घ्यायला मी एकटाच गेलो. संध्याकाळची वेळ, परतीच्या लोकलची गर्दी डोक्यात. खिडकीची रुंदी घेतली, ४८ इंच. मधोमध पूर्ण उंची घेतली, ७६ इंच. कमान म्हणजे अर्धवर्तुळ हे मनात इतकं पक्कं होतं, की बाकीचं मी वहीतच काढलं. रुंदी ४८ म्हणजे त्रिज्या २४, मग खालचा सरळ भाग ७६ वजा २४, म्हणजे ५२. स्टुलावर चढून कमान नेमकी कुठून वळते ते पाहायला दोन मिनिटं लागली असती. ती मी वाचवली.

आईने उल्हासनगरच्या मार्केटमधून कापड आणि अस्तर आणलं. अॅल्युमिनियमच्या पट्टीच्या दोन फ्रेम वाकवून घेतल्या, कापड बेतलं, टीप मारली, मागे वेल्क्रो लावला. आम्ही दोघं त्या घेऊन ठाण्याला गेलो. पहिली फ्रेम खिडकीत धरली. माथा टेकला, पण खाली खांद्यांपाशी दोन्हीकडे अकरा सुतांची फट. (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. कारखान्यात आणि सुतारकामात अजूनही तेच चालतं.) त्या दोन फटींतून ऊन असं आत आलं, की आजींनी डोळ्यांवर हात घेतला.

घरातल्या काकूंनी आवाज चढवला नाही. “ताई, जमत नसेल तर तसं सांगा, आम्ही दुसरीकडे बघतो,” एवढंच म्हणाल्या. आईने दोन दिवस मागून घेतले. माझं नाव तिने घेतलं नाही. “माप चुकलं माझं,” म्हणाली. बसस्टॉपपर्यंत ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “अरे, ब्लाउजचा गळा रुंद किती आहे त्यावरून तो खोल किती ते ठरवतात का? दोन्ही मापं वेगळी घ्यावी लागतात. ही खिडकी म्हणजे उलटा गळाच की!”

तीन वर्षं इंजिनिअरिंग शिकून मला जे सुचलं नव्हतं, ते हे.

शर म्हणजे काय

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. या वेळी स्टुलावर चढलो. कमान ५२ वर नाही, ६० इंचांवर वळत होती. म्हणजे तिची उंची २४ नाही, फक्त १६ इंच. ते अर्धवर्तुळ नव्हतंच, मोठ्या वर्तुळाचा तुकडा होता. कोणत्या वर्तुळाचा?

याचं उत्तर देणारा नियम भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त आहे (इ.स. ११५०). धनुष्याची कल्पना करा. दोरी म्हणजे जीवा, वाकलेली काठी म्हणजे चाप आणि दोरीच्या मध्यापासून काठीपर्यंतचा बाण म्हणजे शर. अर्ध्या जीवेचा वर्ग करा, शराने भागा, त्यात शर मिळवा. वर्तुळाचा व्यास मिळतो. लीलावतीतल्या उदाहरणात व्यास १० आणि जीवा ६ असताना शर १ येतो. ताळा करून बघा: ३ चा वर्ग ९, भागिले १, अधिक १, बरोबर १०. दहावीच्या भूमितीत एकमेकींना छेदणाऱ्या जीवांचं प्रमेय होतं ना, तेच हे.

आमच्या खिडकीत अर्धी जीवा २४, शर १६. ५७६ भागिले १६ म्हणजे ३६, अधिक १६ म्हणजे व्यास ५२. त्रिज्या २६ इंच. आणि पट्टीची लांबी? अर्धवर्तुळ धरून मी साडेपंचाहत्तर इंच सांगितली होती. खरी कमान भरते सुमारे ६१ इंच. चुण्यांचा पंखा करायचा असता तर घोटाळा आणखी वाढला असता. अर्धवर्तुळात मधल्या बिंदूपासून काठ सगळीकडे सारखाच, २४ इंच. आमच्या कमानीत तो टोकाला २४ आणि माथ्याला १६. सरळ पट्टा कापून चाललंच नसतं.

चौथं माप

आता रुंदी, पूर्ण उंची आणि सरळ भागाची उंची मिळाली. संपलं? नाही. या तीन मापांत बसणारे आकार अनेक आहेत. सीएसएमटीच्या टोकदार कमानी आठवा. त्या दोन चापांच्या असतात. टोकदार कमान डोळ्यांनाच कळते. फसवते ती लंबवर्तुळाची. ४८ रुंद आणि १६ उंच कमान वर्तुळाचा तुकडा असेल, तर मध्यापासून १८ इंच बाजूला तिची उंची पावणेनऊ इंच येते. तीच लंबवर्तुळाची असेल, तर साडेदहाच्या थोडी वर. फरक जवळजवळ दोन इंचांचा! म्हणून खांद्याजवळ एक माप घ्याच, आणि दोन्ही बाजूंना घ्या.

आमच्या चार खिडक्यांत ते दोन्हीकडे पावणेनऊ आलं. पाचवीत डावीकडे पावणेनऊ आणि उजवीकडे आठ. आत प्लास्टरचा थर जाड बसला होता. आता याला कोणतं सूत्र लावणार? मी वहीत डोकं खुपसून बसलो. आईने पिशवीतून जुनी वर्तमानपत्रं काढली, चिकटपट्टीने जोडली, खिडकीवर लावली आणि बोटाने कड दाबत दाबत खडूने रेघ ओढली. पाच मिनिटांत पेपर कटिंग तयार. मग ती म्हणाली, “तुझं गणित चार खिडक्यांना. पाचवीला माझा कागद.”

खरं सांगायचं तर कागद पाचही खिडक्यांना चालला असता. पण गणिताने एक झालं. आपली चूक नेमकी किती आणि कुठल्या बाजूची होती, ते कळलं. २४ त्रिज्येच्या अर्धवर्तुळात हा नवा आकार पूर्ण मावतो. म्हणजे आधी बेतलेलं कापड फुकट गेलं नव्हतं, त्यातूनच नवे तुकडे निघाले. पट्ट्याही लांबच होत्या. पुन्हा वाकवून जास्तीचा भाग कापला. वाया गेली ती आईची दोन दिवसांची मेहनत आणि थोडी अब्रू. चूक उलट्या बाजूची असती, तर सगळं कापड खिशातून भरावं लागलं असतं.

घरी करणार असाल तर

– रुंदी वर, मध्ये, खाली अशी तीन ठिकाणी घ्या. चौकटीच्या आत बसवायचं तर सर्वांत कमी माप धरा.

– कमान जिथून वळते तिथे दोन्ही बाजूंना पेन्सिलने खूण करा आणि दोन्ही खुणा एका पातळीत आहेत का ते गवंड्याच्या लेव्हल पाइपने बघा.

– कागदावर ‘खोलीची बाजू’ आणि ‘डावी-उजवी’ लिहा. कागद उलटा पडला की पाचव्या खिडकीसारखी कमान हमखास चुकते.

– फ्रेम प्रत्येक बाजूने एक सूत लहान ठेवा. कापडाची दुमड आणि वेल्क्रो जागा खातात.

– सुती कापड आधी पाण्यातून काढून वाळवा, मगच बेता. नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतं. शिवणीला माया ठेवायला विसरू नका.

– कमानीतली फ्रेम काढता-घालता येईल अशीच बसवा. आपल्याकडच्या पावसाळ्यात अस्तराला ओल धरते, मग बुरशी.

तिसऱ्या दिवशी पाचही खिडक्या लागल्या. चारच्या सुमाराला आम्ही मुद्दाम थांबलो. पावणेपाच वाजले. आजींच्या उशीवर उन्हाचा कवडसाही नव्हता. त्यांनी डोळे उघडून वर पाहिलं आणि विचारलं, “संध्याकाळ झाली का गं?” काकूंनी उरलेले पैसे दिले आणि शेजारच्या विंगमधल्या एका घराचा नंबर आईला लिहून दिला. तिथल्याही खिडक्या कमानीच्याच आहेत.

त्या मापांना आई स्वतः जाणार आहे. मलाही ने म्हटलं, तर म्हणाली, “चल. पण स्टुलावर तू चढायचं.”